जुन्या मोटारींची हमी कोणी द्यायची?

विशेष प्रतिनिधी

ऑस्ट्रेलियात जुन्या वाहनाला रस्त्यावर आणायचे, तर सरकारच्या परवान्याआधी क्लबचा शिक्का लागतो. भारतानेही २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पण क्लबला वगळले आणि वयाची अट दुपटीने कडक केली. दोन्ही व्यवस्थांचा हा लेखाजोखा.

सन २००० मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार ‘ऐतिहासिक’ म्हणावी काय, असे कोणी विचारले तर बहुतेकांना हसू येईल. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची नियमावली मात्र या प्रश्नाचे उत्तर गांभीर्याने देते, आणि ते होकारार्थी आहे. निर्मितीला पंचवीस वर्षे उलटून गेलेले वाहन तेथे नेहमीच्या नोंदणीऐवजी ‘क्लब परमिट’ घेऊन रस्त्यावर आणता येते. ही मर्यादा एखाद्या ठरावीक सालाशी बांधलेली नसून दरवर्षी एकेका वर्षाने पुढे सरकते. त्यामुळे ज्या गाड्या कालपरवापर्यंत घरासमोर रोजच्या वापरासाठी उभ्या दिसत, त्याच आता वारसा-वाहनांच्या रांगेत येऊन बसू लागल्या आहेत.

वरवर पाहता हा हौशी मंडळींच्या सोयीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच मोठा आहे. जुने वाहन आजच्या रस्त्यावर धावू द्यायचे, तर ते सुरक्षित आहे, मूळ स्वरूपात आहे आणि सवलतीचा गैरफायदा घेतला जात नाही, याची हमी कोणी द्यायची? मालकाने, तज्ज्ञाने, सरकारी कचेरीने की समव्यसनी लोकांच्या संघटनेने? ऑस्ट्रेलियाने यांपैकी शेवटचा पर्याय निवडला. त्या निवडीचे यश आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा अनुभव आता पुरेसा जमा झाला आहे. भारतात जुन्या वाहनांचे काय करायचे, यावर न्यायालयापासून पेट्रोल पंपापर्यंत वाद झडत असताना हा अनुभव तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

शिक्का क्लबचा, परवाना सरकारचा

ऑस्ट्रेलियात वाहननोंदणी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. त्यांत व्हिक्टोरियाची योजना सर्वांत उदार मानली जाते.

या राज्यात नेहमीच्या वार्षिक नोंदणीचा खर्च बराच आहे. त्यातील मोठा हिस्सा अपघातग्रस्तांना भरपाई देणाऱ्या सरकारी आयोगाच्या आकाराचा असतो. जी गाडी वर्षातून दहा-पंधरा वेळा बाहेर निघते, तिच्या मालकानेही रोज धावणाऱ्या गाडीइतकाच भार सोसावा, हे न्याय्य नाही, या विचारातून सवलतीचा परवाना आला. मालकाने वर्षाला ४५ दिवस किंवा ९० दिवस यांपैकी एक पर्याय निवडायचा आणि त्या प्रमाणात शुल्क भरायचे. नेहमीच्या नोंदणीच्या तुलनेत ही रक्कम अगदी थोडी असते. ४५ दिवस संपले तर आणखी ४५ दिवस विकत घेता येतात. पण वर्षाला ९० दिवसांची मर्यादा कोणालाही ओलांडता येत नाही.

परवाना मिळवण्याची पहिली पायरी मात्र सरकारी कचेरीत नसते. अर्जदार हा राज्याच्या वाहननोंदणी यंत्रणेने, म्हणजे ‘व्हिकरोड्स’ने, मान्यता दिलेल्या क्लबचा वर्गणी भरलेला सदस्य असावा लागतो. क्लबचा अधिकृत पदाधिकारी वाहनाचे वय आणि स्वरूप पाहून ते कोणत्या गटात बसते, याचा दाखला देतो. १९१९ पूर्वीची वाहने ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० या काळातील ‘व्हिंटेज’ आणि त्यानंतरची, पण पंचवीस वर्षे ओलांडलेली ‘क्लासिक व ऐतिहासिक’ अशी ही वर्गवारी आहे. फेरफार केलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट असून मोठे बदल असतील तर मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे.

वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र परवानाधारक तपासनिसाकडून घ्यावे लागते. १९४९ पूर्वीच्या वाहनांच्या बाबतीत मात्र क्लबने स्वतः केलेली सुरक्षा तपासणीही ग्राह्य धरली जाते. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचे यांत्रिक ब्रेक, हाताने फिरवून सुरू करायचे इंजिन किंवा लाकडी आऱ्यांची चाके आजच्या गॅरेजमधील तरुण कारागिराने कधी पाहिलेलीही नसतात. त्याच्यापेक्षा तीस वर्षे त्याच जातीची गाडी सांभाळलेला क्लबचा सदस्य ती अधिक चांगली पारखू शकतो.

हे सोपस्कार पूर्ण झाले की सरकार परवाना, स्वतंत्र क्रमांकाची पाटी आणि दिवसांच्या नोंदींचे पुस्तक देते. लाल रंगावर पांढरी अक्षरे असलेली ही पाटी या योजनेची ओळख बनली आहे. पुढे दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळीही क्लबची सही लागते. वर्गणी थकली आणि सदस्यत्व संपले तर परवान्याचा आधारच निघून जातो. गाडी विकली तर परवाना नव्या मालकाकडे जात नाही. त्याने क्लबचे सदस्य होऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. थोडक्यात, वाहनाच्या लायकीइतकेच मालकाचे एका समूहाशी असलेले नाते येथे मोजले जाते. मोटार वाहन कायद्यात असे उदाहरण विरळाच.

कार्यक्रमाकडून दिवसाकडे

योजनेचे आजचे रूप १ फेब्रुवारी २०११ पासूनचे आहे. त्यापूर्वीही क्लब परमिट होते. पण ते उद्देशाशी बांधलेले असे. क्लबने जाहीर केलेली सहल, प्रदर्शन, मिरवणूक किंवा दुरुस्तीनंतरची चाचणी अशा ठरावीक कारणांसाठीच गाडी बाहेर काढता येई. याचा परिणाम असा होई, की ज्या क्लबच्या दिनदर्शिकेत कार्यक्रम अधिक, त्याच्या सदस्यांना मोकळीक अधिक. क्लबच्या सचिवाचा निम्मा वेळ परवानगीची पत्रे लिहिण्यात जात असे आणि रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला चालक खरोखर कार्यक्रमाला निघाला आहे की भाजी आणायला, हे ताडण्याचे काही साधन नसे.

२०११ च्या बदलाने ‘कशासाठी’ हा प्रश्न काढून टाकला आणि ‘किती दिवस’ एवढाच ठेवला. गाडी बाहेर काढण्यापूर्वी चालकाने पुस्तकात त्या दिवसाची नोंद न पुसता येणाऱ्या शाईने करायची. एकदा नोंद झाली की त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत गाडी कितीही फिरवा. नाटकाला न्या, समुद्रावर न्या, नाही तर बायकोला माहेरी सोडून या. भाडे किंवा मोबदला घेऊन ती चालवता येत नाही, एवढे बंधन कायम राहिले. नोंद न करता गाडी रस्त्यावर आढळली तर मात्र परवान्याच्या अटींचा भंग होतो आणि नोंदणी नसलेले वाहन चालवल्याबद्दलच्या कारवाईला सामोरे जावे लागते.

हा बदल दिसायला किरकोळ असला तरी प्रशासनाच्या दृष्टीने मोलाचा होता. उद्देश तपासणे अवघड असते; तारीख तपासणे सोपे असते. पोलिसाने पुस्तक उघडले की आजची तारीख लिहिलेली आहे किंवा नाही, हे क्षणात समजते. नियम सैल झाला आणि त्याच वेळी अंमलबजावणी सोपी झाली, असे प्रशासनात सहसा घडत नाही. येथे ते घडले.

शेजारच्या न्यू साऊथ वेल्स राज्यानेही २०१५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर याच वाटेने पाऊल टाकले आणि पुढे ती व्यवस्था कायम केली. तेथे वयाची अट तीस वर्षांची आहे. क्लबच्या कार्यक्रमांव्यतिरिक्त वर्षातून साठ दिवस गाडी स्वतःच्या मर्जीने वापरता येते. फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांसाठी त्या राज्याने वेगळी योजना आखली. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीस वर्षे आणि नव्वद दिवस असे प्रमाण आहे. क्वीन्सलंडने मात्र उद्देशाची जुनी चौकट बरीचशी टिकवून धरली आहे. तपशील वेगळे असले तरी क्लबचे सदस्यत्व हा सर्वांचा समान पाया आहे.

हमीदार वेगवेगळे

जगात इतरत्र हा प्रश्न कसा सोडवला आहे, हे पाहिले की ऑस्ट्रेलियाचे वेगळेपण ठळक होते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना रस्ता करातून सूट आहे. २० मे २०१८ पासून अशा बहुतेक वाहनांना वार्षिक तपासणीतूनही सूट मिळाली. गेल्या तीस वर्षांत वाहनात मूलभूत बदल केलेला नाही, असे मालकाने स्वतः जाहीर करायचे. क्लबची सक्ती नाही आणि दिवसांचे बंधनही नाही. म्हणजे तेथे हमीदार मालकच. गाडी सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी अर्थातच त्याच्यावर राहते.

जर्मनीने १९९७ मध्ये ऐतिहासिक वाहनांसाठी ‘एच’ अक्षराची पाटी आणली. त्यासाठी वाहन तीस वर्षांचे असावे लागते आणि ते मूळ रूपाशी इमान राखून जतन केले असल्याचा अहवाल मान्यताप्राप्त तांत्रिक तज्ज्ञाकडून घ्यावा लागतो. त्या बदल्यात मोटारींना वर्षाला सुमारे १९१ युरो एवढा ठोक कर आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत जाण्याची मुभा मिळते. तेथे हमीदार आहे अभियंता.

या दोन्ही पद्धतींत मालक एकटा असतो. ऑस्ट्रेलियात त्याला समूहात यावे लागते आणि त्याचे काही चांगले परिणाम नाकारता येणार नाहीत. जुन्या गाडीचा सुटा भाग कोठे मिळेल, कोणता कारागीर अजून कार्ब्युरेटर नीट लावून देतो, हे ज्ञान क्लबच्या बैठकीत फिरत राहते. नव्याने आलेल्या तरुणाला ज्येष्ठांचा हात धरता येतो. बेफिकिरीने गाडी चालवणारा सदस्य क्लबची मान्यताच धोक्यात आणू शकतो, या जाणिवेने इतर सदस्य त्याच्यावर नजर ठेवतात. जे काम करायला सरकारला निरीक्षकांची फौज लागली असती, ते हौशी माणसे वर्गणी भरून, विनामोबदला करतात. सरकारच्या दृष्टीने हा व्यवहार मोठा फायद्याचा आहे.

संपलेल्या कारखान्यांचा वारसा

या योजनेला ऑस्ट्रेलियात एवढा जनाधार का लाभला, याचे एक कारण त्या देशाच्या उद्योगाच्या इतिहासात आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या उपस्थितीत मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड येथे पहिली ‘होल्डन’ मोटार लोकांसमोर आली. परदेशी कंपनीच्या भांडवलावर उभी असली तरी ती ‘आपली गाडी’ म्हणून मिरवली गेली. पुढची सहा-सात दशके होल्डन आणि फोर्ड यांच्या चाहत्यांमधील चुरस हा त्या देशाच्या लोकजीवनाचाच भाग होता.

तो अध्याय आता संपला आहे. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये आपले उत्पादन थांबवले. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी टोयोटाचा आल्टोना येथील आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला होल्डनचा एलिझाबेथ येथील कारखाना बंद झाला. ऑस्ट्रेलियात प्रवासी मोटारींचे मोठे उत्पादन करणारा कारखाना त्यानंतर उरला नाही. २०२० मध्ये ‘होल्डन’ हे नावही गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्या घरातले वडील किंवा आजोबा त्या कारखान्यात घाम गाळत होते, त्या घराला दारातली जुनी गाडी भंगारात घालणे जड जाते. लाल पाटीमुळे ती गाडी परवडण्याजोगी राहते. संग्रहालयात चार-दोन नमुने ठेवता येतात. हजारो घरांत विखुरलेला वारसा सांभाळण्याची ऐपत कोणत्याही संग्रहालयाची नसते.

चार गुणिले नव्वद

या योजनेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तथ्य नाही असे मात्र नाही. पहिला आक्षेप साध्या गुणाकाराचा आहे. एका मालकाकडे चार जुन्या गाड्या असतील आणि प्रत्येकीला नव्वद दिवसांचा परवाना असेल, तर वर्षाचे ३६० दिवस तो लाल पाटीच्या गाडीतून फिरू शकतो. योजनेचा हेतू अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या गाडीला दिलासा देण्याचा होता. रोजच्या प्रवासाचा खर्च वाचवण्याचा नव्हता. क्लबमंडळी यावर उत्तर देतात, की माणूस एका वेळी एकच गाडी चालवू शकतो आणि प्रत्येक गाडीचे शुल्क वेगळे भरतो. हे उत्तर बिनतोड नसले तरी टाकाऊही नाही.

दुसरा आक्षेप वयाच्या अटीवर आहे. पंचवीस वर्षांची मर्यादा दरवर्षी पुढे सरकत असल्याने आता ज्या गाड्या पात्र ठरत आहेत, त्यांत एअरबॅग आणि चाके न अडकू देणारी ब्रेक यंत्रणा असलेल्या, लाखोंच्या संख्येने खपलेल्या सर्वसाधारण गाड्याही आहेत. त्यांत जतन करण्यासारखे काय, असे टीकाकार विचारतात. याला इतिहासाच्या बाजूने एक चोख उत्तर आहे. सामान्यांच्या वस्तू या नेहमी सर्वांत आधी नाहीशा होतात. श्रीमंतांच्या गाड्या तळघरात सुखरूप राहतात आणि चाळीस वर्षांनी शोधू गेल्यास मध्यमवर्गाची साधी गाडी औषधालाही सापडत नाही. जतन करायचे तर ती गाडी ‘नुसतीच जुनी’ असतानाच करावे लागते. असे असले तरी, ‘जुनी’ आणि ‘जतन केलेली’ यांतील फरक वयाच्या दाखल्यावरून कळत नाही, ही टीकाकारांची बाजू उरतेच.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप हमीदारावरच आहे. परवाना क्लबच्या सहीवर अवलंबून असल्याने त्या सहीला बाजारमूल्य येते. वर्षाची वर्गणी भरा, फॉर्मवर शिक्का घ्या आणि पुन्हा पुढच्या वर्षीच तोंड दाखवा, अशा पद्धतीने केवळ शिक्क्यापुरते सदस्यत्व घेण्याचा मोह मालकाला होतो आणि तसे सदस्यत्व देण्याचा मोह क्लबला. ज्या समूहभावनेवर विश्वास टाकून सरकारने आपला अधिकार वाटून दिला, तीच तेथे गैरहजर असते. शिवाय सही करणारा पदाधिकारी हा बहुधा निवृत्त, हौशी, विनावेतन काम करणारा गृहस्थ असतो. मित्राच्या गाडीला ‘नाही’ म्हणणे त्याला अवघड जाते. उद्या एखादा अपघात झाला तर आपल्या सहीची जबाबदारी कुठवर, ही धास्तीही त्याच्या मनात असते.

तपासणीबाबत घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाला मात्र थोडी दुसरी बाजू आहे. एकदा परवाना मिळाला की पुढे दरवर्षी तांत्रिक तपासणी नाही, हे खरे. पण व्हिक्टोरियात नेहमीच्या खासगी मोटारींनाही दरवर्षी तपासणीची सक्ती नाही. ती मुख्यतः विक्रीच्या किंवा नव्या नोंदणीच्या वेळी होते. तेव्हा जुन्या गाड्यांना मिळालेली ही काही वेगळी मेहेरनजर नव्हे. तरीही सीटबेल्ट वापरण्याची सक्ती जगात सर्वप्रथम, म्हणजे १९७० मध्ये, ज्या राज्याने केली, तेथे सुरक्षेचा प्रश्न वारंवार उपस्थित होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

भारताने काय घेतले, काय सोडले

भारतात जुन्या वाहनांच्या हौसेला मोठी परंपरा आहे. दिल्लीतील ‘स्टेट्समन’ची व्हिंटेज रॅली १९६४ पासूनची. मुंबईतही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांनी ही हौस जोपासली. पण अशा वाहनांसाठी देशभर लागू असलेली स्वतंत्र नोंदणी बराच काळ नव्हती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत दुरुस्ती करून ही उणीव भरून काढली.

या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये. अर्जावर साठ दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, असे बंधन नोंदणी अधिकाऱ्यावर आहे. पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणी होत असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असलेला क्रमांक मिळतो. जुना क्रमांक राखण्याची सोय भावनेच्या दृष्टीने मोलाची आहे. मुंबईच्या जुन्या घराण्यांत गाडीचा क्रमांक हा कित्येकदा कुटुंबाच्या आठवणींचा भाग असतो.

या व्यवस्थेची ऑस्ट्रेलियाशी तुलना केली तर तीन फरक नजरेत भरतात. पहिला म्हणजे येथे क्लब नाही. हमीदार आहे ती सरकारी कचेरी. आरटीओतील मोटार वाहन निरीक्षकाने रोज शेकडो नव्या गाड्यांचे पासिंग करता करता १९३६ सालच्या एखाद्या गाडीचे इंजिन मूळचे आहे की बदललेले, हेही ओळखायचे, अशी ही अपेक्षा आहे.

दुसरा फरक वापराच्या मोजमापाचा. भारतीय नियम दिवस मोजत नाही, उद्देश पाहतो. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांसाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यापारी वापराला मनाई आहे. म्हणजे व्हिक्टोरियाने २०११ मध्ये जी चौकट अव्यवहार्य म्हणून सोडली, जवळपास तीच भारताने २०२१ मध्ये उचलली. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर दिसणारी जुनी मोटार देखभालीनंतरच्या चाचणीसाठी निघाली आहे की नुसती हवा खायला, हे हवालदाराने कसे ठरवायचे? अशा नियमाचा शेवट एक तर दुर्लक्षात होतो, नाही तर चिरीमिरीत.

तिसरा फरक सर्वांत दूरगामी आहे आणि तो म्हणजे वयाचा. पंचवीस आणि पन्नास या आकड्यांमधली दरी केवळ आकड्यांची नाही. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये वाढवले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ते दहा हजार रुपये झाले. दिल्ली परिसरात तर पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदीच आहे. तेथे जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा प्रयोग काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये असे अंतरिम आदेशात म्हटले. पण डिसेंबरमध्ये हे संरक्षण ‘बीएस-चार’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित झाले. प्रदूषणाच्या दृष्टीने त्यामागे तर्क आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की जतन करण्याजोगी जी वाहने आहेत, ती नेमकी या संरक्षणाबाहेर राहतात.

पंधराव्या वर्षी वाहन ‘म्हातारे’ ठरते आणि पन्नासाव्या वर्षी ‘वारसा’. मधली पस्तीस वर्षे तग धरण्यासाठी मालकाच्या हौसेखेरीज दुसरा आधार नाही.

या दरीत काय काय हरवते, याचे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. शहराची ओळख बनलेल्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीपैकी शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. किमान एक तरी गाडी जतन करावी, अशी मागणी त्या वेळी पुढे आली. हजारोंच्या संख्येने धावलेल्या वाहनाबाबत ‘किमान एक’ म्हणण्याची वेळ यावी, यातच सारे आले. कुर्ल्याच्या कारखान्यात १९९५ मध्ये तयार झालेली एखादी खासगी पद्मिनी आज मेलबर्नमध्ये असती, तर वयाच्या निकषावर ती केव्हाच क्लब परमिटला पात्र ठरली असती. मुंबईत तिला ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यासाठी २०४५ सालापर्यंत थांबावे लागेल. पुण्याजवळ आकुर्डीत १९७२ मध्ये निघू लागलेली ‘बजाज चेतक’ नुकती कोठे या वयात पोहोचू लागली आहे. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने ज्या चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, त्या स्कूटरची पाळी यायला अजून अवकाश आहे.

उसनवारी नको, विचार हवा

यावरून ऑस्ट्रेलियाची योजना जशीच्या तशी आणावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पंचवीस वर्षांची मर्यादा भारतात सरसकट लागू केली, तर धूर ओकणाऱ्या, केवळ पैशांअभावी चालवल्या जाणाऱ्या गाड्याही वारशाच्या नावाखाली रस्त्यावर राहतील. मेलबर्नची हवा आणि दिल्लीची हवा एक नाही. क्लबकडे अधिकार सोपवायचा तर येथे शिक्क्याचा बाजार मांडला जाण्याची भीती तेथल्यापेक्षा कमी नाही. पीयूसी प्रमाणपत्रांच्या व्यवहाराचा अनुभव असलेल्या वाहनधारकाला हे वेगळे सांगायला नको.

तरीही त्या योजनेतील दोन सूत्रे विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले, उद्देशाऐवजी दिवस मोजावेत. वर्षाला वीस असोत वा तीस, दिवस ठरवून द्यावेत आणि त्यांची नोंद ठेवावी. ऑस्ट्रेलियात हे काम कागदी पुस्तकावर चालते. वाहनांची माहिती संगणकावर आणलेल्या भारतात ते मोबाइलवरूनही होऊ शकेल. वापर इतका मर्यादित असेल तर प्रदूषणाचा मुद्दाही बराच सौम्य होतो. दुसरे, पंधरा ते पन्नास वर्षांच्या मधल्या टप्प्यासाठी, समजा तीस वर्षांनंतर, एक वेगळा वर्ग असावा. त्यासाठी मूळ स्वरूपाची अट कडक ठेवावी, तांत्रिक पारख जाणत्या क्लबांच्या मदतीने व्हावी, पण अंतिम सही निरीक्षकाचीच असावी. हौशी माणसाचे ज्ञान आणि सरकारची जबाबदारी यांची सांगड अशा रीतीने घालता येईल.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाने एवढे निश्चित दाखवून दिले आहे, की नागरिकांवर विश्वास टाकणारी योजना स्वस्तात चालते आणि मोठा वारसा राखते. पण त्या विश्वासाची राखण करणारेही कोणी असावे लागते. तेथील क्लबांना आता स्वतःच्या शिक्क्याची पत सांभाळायची आहे. भारतात प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जी वाहने २०४५ मध्ये आपण अभिमानाने रॅलीत पाहणार, ती तोवर कोणाच्या भरवशावर टिकणार, हे नियमावलीत अद्याप कोठेही लिहिलेले नाही.